पदवीनंतर एक वर्ष सक्तीची सेवा? गोव्याच्या ४० आमदारांना आणि ३ खासदारांना खुलं पत्र

माननीय आमदार आणि खासदार,

सप्रेम नमस्कार.

"पदवी झाली की प्रत्येक मुलाने एक वर्ष देशासाठी दिलंच पाहिजे, तसा कायदाच करा" हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी किती स्टेजवरून ऐकलंय त्याची गणती नाही. युवा दिन असो, कॉलेजचं गॅदरिंग असो, कुणाचा सत्कार असो, माईक हातात आला की कुणीतरी हे बोलतंच आणि समोर बसलेले टाळ्या वाजवतात. हल्लीच आमच्या तालुक्यातल्या एका कार्यक्रमात तुमच्यापैकीच एकांनी त्याच्याही पुढचं सांगितलं, की गावातल्या शाळांत शिक्षक कमी आहेत, हेल्थ सेंटरात माणसं नाहीत, पंचायतीत कॉम्प्युटरवर बसायला कोणी नाही, मग हे नवीन ग्रॅज्युएट एकेक वर्ष पाठवले की सगळे प्रश्न सुटतील आणि पोरांना शिस्तही लागेल. त्यांचं नाव मी घेत नाही कारण हा एकट्या माणसाचा विचार नाहीये, सगळ्या पक्षांत असं बोलणारे आहेत. पण ते ऐकल्यापासून गप्प बसवत नाहीये म्हणून हे लिहितेय, आणि उघड लिहितेय कारण ज्यांच्या मुलांचं वर्ष जाणार आहे त्यांनीही वाचायला हवं.

आधी मी कोण ते सांगते. मी सत्तरी तालुक्यातली, एका हायस्कूलमध्ये लेक्चर बेसिसवर गणित आणि सायन्स शिकवते. धाकटा भाऊ बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबांचा खाणीवर टिपर, म्हणजे माल वाहणारा ट्रक, होता, २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा तो दारात उभा राहिला, मधे थोडे दिवस चालला, मग २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणींच्या ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं आणि तो विकावा लागला. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा इथं अशी घरं किती आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे, तुम्ही मतं मागायला त्याच दारांत येता. अशा घरात मुलगा ग्रॅज्युएट होतो त्या दिवसापासून त्याच्या पहिल्या पगाराचा हिशोब मांडलेला असतो. सोसायटीचं कर्ज आहे, आईची औषधं आहेत, बहिणीचं लग्न आहे. तिथं "एक वर्षच तर आहे" असं कुणी म्हटलं की पोटात गोळा येतो.

सेवेला माझा विरोध नाही, हे मनापासून सांगते. कॉलेजात मी एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत, होते, स्वतःहून नाव दिलं होतं. सात दिवसांच्या कॅम्पला आम्ही एका आतल्या गावात ओढ्यावर वसंत बंधारा घातला, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत रेती भरायची, तोंड सुतळीने शिवायचं आणि रांग करून हातोहात पाण्यात उतरवायची. आम्ही सगळे शहाणे, ओढा जिथं अरुंद दिसला तिथं पोती रचायला सुरुवात केली. गावातले एक म्हातारे काका काठावर बसून बघत होते, ते उठून आले आणि मला म्हणाले, "बाय, हांगा दवरूं नाका, उदक सकयल्यान वता." इथं ठेवू नका, पाणी खालून जातं. ते खालून झिरपतं हे त्यांना माहीत होतं, आम्हाला नव्हतं. त्यांनी दाखवलेल्या जागी, दहा बारा पावलं वर, खडक होता, तिथं बंधारा घातला आणि तो टिकला. त्या पाण्यावर काकांच्या भावाने त्या वर्षी मिरची आणि चवळीसारखे अळसांदे केले. मला त्या सात दिवसांत जे कळलं ते अख्ख्या सेमिस्टरमध्ये कळलं नसतं. म्हणूनच मला वाटतं की तरुणांनी गावात जावं, राहावं, हात मातीत घालावेत. पण आम्हाला तिथं कुणी ढकललं नव्हतं, आणि आमच्यामुळे गावातल्या कुणाचं काम गेलं नव्हतं.

ही कल्पना नवीन आहे असंही समजू नका. १९५९ मध्ये, म्हणजे आपला गोवा अजून पोर्तुगीजांच्या ताब्यात होता तेव्हा, केंद्र सरकारने चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नेमली होती. हायस्कूल संपवून कॉलेजात जाणाऱ्या सगळ्यांना नऊ महिने ते एक वर्ष सक्तीची सेवा असावी अशी शिफारस त्यांनी केली. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे माजी अर्थमंत्री, हिशोबाचा त्यांच्याइतका पक्का माणूस शोधून सापडणार नाही, आणि तरीही ती शिफारस खर्च आणि अंमलबजावणी या दोन गोष्टींवर अडकली आणि मागे पडली. मग शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयदैन यांनी वेगवेगळ्या देशांतल्या योजना पाहून सेवा ऐच्छिक असावी असं सुचवलं, कोठारी आयोगाने शिक्षणाशी समाजसेवा जोडायला सांगितलं, आणि शेवटी २४ सप्टेंबर १९६९ ला ३७ विद्यापीठांतल्या ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन एनएसएस सुरू झालं. म्हणजे दहा वर्षं विचार करून देशाने सक्ती सोडून ऐच्छिक रस्ता धरला. नंतर १९७२ मध्ये डॉक्टर आणि इंजिनिअरांना सेवेसाठी बोलावता येईल असा राष्ट्रीय सेवा कायदाही झाला, २०१८ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने राजपत्रित सरकारी नोकरी हवी असेल तर आधी पाच वर्षं लष्करी सेवा सक्तीची करा असं सुचवलं. दर थोड्या वर्षांनी विषय वर येतो. आता पुन्हा आणताय तर तेव्हाचे दोन प्रश्न अजून तसेच आहेत, पैसे कोण देणार आणि राबवणार कोण, त्यांची उत्तरं स्टेजवर कुणी देत नाही.

आता माझे आक्षेप. जमेल तसे मांडते, काही मोठे आहेत काही छोटे.

सगळ्यात मोठा आक्षेप रिकाम्या जागांचा. शाळेत शिक्षक कमी आहेत म्हणून ग्रॅज्युएट पाठवायचे म्हणता, पण शिक्षक कमी का आहेत? बीएड झालेली, टीईटी पास झालेली पोरं पोरी गोव्यात नाहीत का? आहेत, माझ्यासारख्या लेक्चर बेसिसवर आहेत, कुणी कॉन्ट्रॅक्टवर आहेत, कुणी कंटाळून मॉलमध्ये बिलिंगला बसल्या आहेत. लेक्चर बेसिस म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जितके तास घेतले तितक्याचेच पैसे. प्रत्येक तासाची रजिस्टरमध्ये सही, महिन्याच्या शेवटी बिल करायचं, हेडमास्तरांची सही, मग ते वर जातं, आणि पैसे येतात तेव्हा येतात. परीक्षा चालू असली की तास नाही, स्पोर्ट्स डे आला तास नाही, मे महिन्यात तर काहीच नाही. आपल्याकडे चतुर्थीची सुट्टी लांबलचक, सगळ्या घरात गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची, फटाके, कपडे, नेवऱ्यांचं सामान, आणि नेमकं त्याच महिन्याचं माझं बिल सगळ्यात कमी. ही परिस्थिती असताना तुम्ही म्हणता आणखी स्वस्त माणूस आणतो, वर्षभरासाठी, आणि तोही नको म्हणू शकणार नाही असा. मग आमचं काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको. हेडमास्तरांना फुकटचा ग्रॅज्युएट मिळाला तर ते माझ्या तासांचं बिल कशाला करतील, आणि शिक्षण खातं पक्की जागा कशाला भरेल?

आणि मुलांचं काय, ते तर कुणी विचारतच नाही. आमच्या भागात एकशिक्षकी प्राथमिक शाळा आहेत, पहिली ते चौथी एकाच खोलीत, एकच बाई. तिथलं पहिलीचं पोर घरी कोंकणी बोलतं, शाळेत मराठी वाचायला लागतं, त्याला बाईंची सवय व्हायलाच दिवाळी उजाडते. सेवेवर आलेला ग्रॅज्युएट जूनमध्ये येणार, दोन महिने त्याला फळ्यावर कसं लिहायचं ते शिकण्यात जाणार, चतुर्थीनंतर कुठं जरा जमायला लागणार, आणि फेब्रुवारीपासून त्याचं लक्ष स्वतःच्या पुढच्या नोकरीकडे, यात त्याचाही दोष नाही. पुढच्या जूनला नवीन चेहरा. शहरातल्या मोठ्या शाळांत हे कुणी चालवून घेणार नाही, तिथले पालक दुसऱ्या दिवशी गेटवर उभे राहतील. म्हणजे हा प्रयोग होणार तो आतल्या गावातल्या पोरांवरच.

दुसरं, पैसे. सेवा म्हटलं की मानधन हा शब्द येतो आणि मानधन म्हटलं की कितीही कमी चालतं असा समज झालाय. केंद्राच्या नॅशनल युथ कोरमधल्या स्वयंसेवकांना महिन्याला ५,००० रुपये मानधन होतं, पण ते स्वतःहून आलेले होते. सक्तीने आणलेल्याला तसं देऊन चालणार नाही, आणि हे मी मनाने सांगत नाहीये. घटनेच्या कलम २३ मध्ये बेगार आणि जबरदस्तीच्या मजुरीला बंदी आहे. त्याच कलमात पुढे सार्वजनिक कामासाठी सरकार सक्तीची सेवा लावू शकतं असंही आहे, धर्म, वंश, जात, वर्ग यावरून भेदभाव न करता, आणि तुमच्यातले वकील लोक त्याचाच आधार घेतील. पण १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलंय की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं ही जबरदस्तीचीच मजुरी. पुढच्याच वर्षी राजस्थानातल्या दुष्काळी कामांच्या केसमध्येही तेच, दुष्काळाची मदत म्हणून काम काढलं तरी किमान वेतन द्यावंच लागेल. मग सेवा म्हणून काम काढलं तर ते का लागू नये? ज्या मुलाला खोलीचं भाडं, जेवण, पेट्रोल स्वतःच्या खिशातून घालावं लागेल तो सेवा करत नाहीये, त्याचं घर सरकारला उसने पैसे देतंय.

भाड्याचं सांगायलाच हवं. गोवा छोटा आहे, रोज घरून येऊन जाऊन करतील असं वाटत असेल तर एकदा काणकोणहून पेडण्याला बसने जाऊन बघा. मडगावला बदला, पणजीला बदला, म्हापशाला बदला, सकाळी निघालेलं माणूस पोचेपर्यंत शाळेची मधली सुट्टी होते. वाळपईहून आतल्या गावांना संध्याकाळ कलल्यावर बस मिळणं म्हणजे नशीब, एखाद्या पोरीने तिथं सेवेवर यायचं तर तिने राहायचं कुठं? किनाऱ्याकडच्या गावात पाठवलं तर खोल्या सगळ्या टुरिस्टांना दिलेल्या, भाडं ऐकूनच परत यावं. पोरींच्या राहण्याची सोय, टॉयलेट, रात्री आजारी पडली तर कुणाला फोन करायचा, हे आधी कागदावर आलं पाहिजे. आणि सेवा राष्ट्रीय आहे तर परराज्यात पाठवणार का, तेही सांगा, म्हणजे आईबापांना कळेल.

बाहेरच्या देशांची उदाहरणं तुम्हीच देता म्हणून त्याबद्दल थोडं. नायजेरियाचं उदाहरण सगळ्यात जवळचं. तिथं यादवी युद्ध १९७० मध्ये संपलं आणि तुटलेली माणसं जोडायची म्हणून १९७३ मध्ये ही योजना आली, तिशीच्या आतल्या ग्रॅज्युएटला एक वर्ष, आधी तीन आठवड्यांचा कॅम्प, मग शक्यतो स्वतःचं राज्य सोडून दुसऱ्या राज्यात पोस्टिंग. हेतू चांगलाच होता, कुणी नाही म्हणणार नाही, तिथं कितीतरी मुलांनी पहिल्यांदा दुसऱ्या भागातली माणसं जवळून पाहिली, लग्नंही जमली. पण वर्ष पूर्ण केल्याच्या सर्टिफिकेटशिवाय तिथं धड नोकरी मिळत नाही, त्यामुळे सर्टिफिकेटचाच बाजार उभा राहिला. २०१८ मध्ये त्यांच्या अर्थमंत्र्यांना सेवेतून सूट मिळाल्याचं सर्टिफिकेट बनावट असल्याच्या वादातून राजीनामा द्यावा लागला. आणि २०११ च्या निवडणुकीनंतर उत्तरेत दंगल उसळली त्यात निवडणूक ड्युटीवर लावलेली सेवेतली मुलं मारली गेली. कुणाच्या तरी घरची, नुकती डिग्री घेतलेली पोरं. घानाची योजनाही १९७३ चीच, तिथं २०२५ मध्ये पगाराच्या यादीत ८१ हजारांहून जास्त संशयित बोगस नावं निघाली, म्हणजे मुलं नाहीतच आणि मानधन उचललं जातंय. जर्मनीत लष्कराऐवजी हॉस्पिटलात, वृद्धाश्रमात काम करणारी मुलं होती, २०११ मध्ये त्यांनी सक्ती थांबवली आणि लगेच ऐच्छिक सेवा चालू केली. तेव्हा बाहेरची उदाहरणं द्यायची तर अख्खी द्या.

आपल्याकडे असं होणार नाही असं म्हणू नका. २०२४ मध्ये गोव्यात नोकरी देतो म्हणून पैसे घेतल्याची प्रकरणं एकामागून एक बाहेर आली, घरातलं सोनं मोडून लोकांनी पैसे दिले होते. तिथं उद्या सोयीच्या पोस्टिंगसाठी शिफारस लागणार, सवलतीसाठी मेडिकल सर्टिफिकेट लागणार. ज्याच्या वडिलांचा फोन पोचतो त्याचं पोस्टिंग पणजीत, एसी ऑफिसात, आणि ज्याचा कुणी नाही तो लांबच्या नेत्रावळी गावाला. ज्यांना परवडतं ते शेवटच्या वर्षीच मुलाला बाहेरच्या युनिव्हर्सिटीत पाठवतील, कुणी पोर्तुगीज पासपोर्टवर निघून जाईल, कुणी बोटीवर नोकरीला. मागे राहणार ते ज्यांना जायला कुठं जागा नाही ते. वर्गावरून भेदभाव नको असं घटना म्हणते आणि इथं तर कागदावर भेदभाव न करताही तोच होईल.

तिसरं. बेकारी. पीएलएफएस या केंद्राच्या रोजगार सर्वेक्षणाच्या २०२२-२३ च्या आकड्यात गोव्याचा बेरोजगारीचा दर ९.७ टक्के होता आणि देशाचा ३.२. ज्या राज्यात पोरं आधीच रांगेत उभी आहेत तिथं त्यांना आणखी एक वर्ष बाजूला बसवायचं आणि आकडा कमी दिसला म्हणून खूश व्हायचं, हे होऊ नये एवढंच. सरकारी नोकरीसाठी आधी एक वर्षाचा अनुभव हवा असंही गेल्या काही वर्षांत सरकारकडून जाहीरपणे सांगितलं गेलंय, मग हे सेवेचं वर्ष त्या अनुभवात धरणार का? एमएससी, एमबीए, सीए, यूपीएससी करणाऱ्यांचं काय, वयाची अट एक वर्षाने वाढवणार का? नवीन शैक्षणिक धोरणात डिग्री करतानाच इंटर्नशिप आलीय, चार वर्षांची डिग्री आलीय, त्यात हे एक, म्हणजे मुलगी कमवायला लागेपर्यंत तेवीस चोवीस वर्षांची, आणि गावातल्या आईबापांचं पुढचं म्हणणं काय असतं ते मला ठाऊक आहे. आधी लग्न. आमच्या बॅचच्या दोघींची मार्कं माझ्यापेक्षा चांगली होती, त्यांच्या घरी एक वर्ष वाट बघायची तयारी नव्हती. सक्तीच्या वर्षात सगळ्यात आधी अशा मुलींचं करिअर बुडेल, हे मी शिक्षिका म्हणून रोज बघून सांगतेय.

डॉक्टरांना बॉन्ड चालतो मग बाकीच्यांना का नको, असंही विचारलं जातं. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांच्या सक्तीच्या सेवेचे बॉन्ड योग्य ठरवले हे खरं. पण डॉक्टरच्या शिक्षणावर सरकार जो खर्च करतं आणि बीए, बीकॉमच्या मुलावर जो करतं त्यात जमीन अस्मानाचा फरक आहे. शिवाय अॅडमिशन घेतानाच त्याला बॉन्ड माहीत असतो, तो डॉक्टर म्हणूनच काम करतो, पगार घेतो. माझ्या भावाला बीकॉम करून नक्की काय काम देणार? पंचायतीत घरपट्टीच्या पावत्या फाडायला? ते काम करायला क्लार्कची जागा आहे ना, ती भरा.

शिस्तीबद्दल एकच सांगते कारण तो शब्द ऐकला की मला राग येतो. आमच्या गावातली मुलं पहाटे उठून काजूच्या बागेत बोंडू गोळा करून, मग बस पकडून कॉलेजला जातात, सुट्टीत किनाऱ्यावर शॅकमध्ये रात्री दोनपर्यंत काम करून फी भरतात. करोनाच्या काळात आणि २०२१ च्या जुलैत म्हादईला पूर आला, सत्तरीतली घरं कोसळली, तेव्हा चिखल काढायला, सामान बाहेर काढायला, जेवण पोचवायला हीच पोरं होती, कुणी आदेश काढला नव्हता. त्यांना शिस्त लावायची भाषा करू नये.

तर आता मागण्या. पक्षबिक्ष बाजूला ठेवून वाचा ही विनंती.

१. पदवीधरांना सक्तीची सेवा असा कुठलाही प्रस्ताव राज्यातून केंद्राला पाठवायचा असेल किंवा पाठिंबा द्यायचा असेल तर आधी विधानसभेत त्यावर चर्चा करा आणि मसुदा मराठी आणि कोंकणीत लोकांसमोर ठेवा, हरकती घ्यायला पुरेसा वेळ द्या. सर्क्युलर काढून युनिव्हर्सिटीच्या गळ्यात मारू नका.

२. सक्ती नको. ज्याला यायचंय त्याच्यासाठी एक वर्षाची ऐच्छिक सेवा काढा, किमान वेतनापेक्षा एक रुपयाही कमी नाही, महिन्याच्या ठरलेल्या तारखेला बँकेत जमा. ते वर्ष सरकारी नोकरीच्या अनुभवात धरा आणि वयाच्या अटीत तेवढी सूट द्या. अशी योजना आली तर मी माझ्या वर्गातल्या जुन्या मुलांना स्वतः फोन करून सांगेन, नाव दे म्हणून.

३. मंजूर आणि रिकाम्या जागेवर सेवेतला माणूस बसवायचा नाही, हे कायद्यात लिहा. शाळा, हेल्थ सेंटर, पंचायत, कुठंच नाही. शिक्षकाला मदतनीस म्हणून द्या, वाचनालय चालवायला द्या, संध्याकाळचे अभ्यासवर्ग घ्यायला द्या, बंधारे घालायला द्या, म्हाताऱ्या माणसांचे डीएसएसवाय पेन्शनचे आणि गृहिणींचे गृहआधार मदतीचे फॉर्म भरून द्यायला द्या, कामं भरपूर आहेत. पण शिक्षकाची जागा शिक्षकानेच भरा.

४. सगळ्या खात्यांतल्या रिकाम्या जागा किती, कुठल्या तालुक्यात, किती वर्षांपासून, हे दर तीन महिन्यांनी जाहीर करा, आणि कर्मचारी निवड आयोगाची जाहिरात, परीक्षा आणि निकाल यांचं वर्षाचं वेळापत्रक काढून ते पाळा. लेक्चर बेसिसवर वर्षानुवर्षं असलेल्या शिक्षकांसाठी काय धोरण आहे तेही त्यातच सांगा. सुट्टीच्या महिन्यांचा पगार हा माझा एकटीचा विषय नाहीये.

५. पोस्टिंगची यादी, सवलत मिळालेल्यांची यादी कारणासकट, आणि मानधन घेणाऱ्यांची यादी, तिन्ही पंचायतीच्या बोर्डावर लावा. गावाला कळतं कोण येतं आणि कोण नुसतं नावाला आहे.

६. पोरींच्या राहण्याची आणि येण्याजाण्याची सोय झाल्याशिवाय एकही पोस्टिंग नाही.

७. जे आहे ते आधी नीट चालवा. एनएसएसला दोन वर्षांत २४० तास आहेत आणि सात दिवसांचा कॅम्प आहे. कॅम्पचा पैसा वेळेवर येत नाही, मग कार्यक्रम अधिकारी शिक्षक स्वतःच्या खिशातून गॅस सिलिंडर आणि तांदूळ आणतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. सात दिवस संपले की गावाशी संबंध संपतो. एकाच गावाला पाच वर्षं तरी धरून ठेवा, म्हणजे यंदा घातलेला बंधारा पुढच्या वर्षीच्या मुलांनी बघायला तरी जायला हवं.

पावसाळी अधिवेशनात तुमच्यापैकी एकाने तरी दोन प्रश्न लेखी विचारावेत, शिक्षण खात्यात आज किती जागा लेक्चर बेसिस आणि कॉन्ट्रॅक्टवर चालतायत, आणि पदवीधरांच्या सक्तीच्या सेवेबद्दल सरकारची अधिकृत भूमिका काय. उत्तर आलं की आम्ही वाचू, आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्येही लावू.

आपली,
सत्तरी तालुक्यातली एक लेक्चर बेसिस शिक्षिका